थंड लागली तर अजून ओली

आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी गोव्यातल्या आमच्या माशेलात देवकीकृष्णाच्या देवळासमोर चिखलकालो होतो. अंगाला तेल चोपडून लहानथोर सगळे भर पावसात चिखलात लोळतात, एकमेकांना ओढतात, खेळतात. त्याच्या पुढच्या रविवारी माझ्या पडवीत मुलांचा मातीचा वर्ग सुरू होतो. हा मुहूर्त मी मुद्दाम धरते. चार दिवसांपूर्वी नखशिखांत चिखलात माखलेल्या पोराला ‘हात घाण होतील’ असं घरातलं कुणी सांगायला जात नाही, आणि पोरांनाही माती परकी वाटत नाही.

यंदा अकरा मुलं आहेत. धाकटा दुसरीतला, थोरली आठवीतली.

माझ्या वडिलांची गणपतीची चित्रशाळा होती. आमच्याकडे मूर्ती घडवतात त्या जागेला चित्रशाळाच म्हणतात. चवथीच्या आधी दोन-अडीच महिने घरात पाय ठेवायला जागा नसायची. माझ्याकडे काम एकच, माती मळायची. शेतातली चिकणमाती भिजवून, खडे-मुळं वेचून, पोळ्यांच्या कणकेसारखी मळायची. मग वडील तारेने गोळ्याचे दोन तुकडे करत आणि कापलेली बाजू उजेडाकडे धरत. टाचणीच्या डोक्याएवढं भोक दिसलं तरी गोळा परत माझ्याकडे. तेव्हा रडू यायचं. आज मीही मुलांचे गोळे तारेने कापते आणि त्यांनाच भोकं शोधायला सांगते. दुसऱ्याच्या गोळ्यातली भोकं शोधायला तर त्यांना फारच आवडतं.

वडिलांकडे साचेही होते. गिऱ्हाईक दारात उभं असताना साचा लागतोच, त्यात कमीपणा काही नाही. पण मुलांच्या हातात मी साचा देत नाही. साच्यातून निघालेला उंदीर बघून मूल खूश होतं खरं, पण उंदराची पाठ कुठे वळते हे त्याच्या अंगठ्याला कधी कळत नाही.

पहिल्या रविवारी हमखास कुणीतरी ओरडतं, “टीचर, म्हज्या हत्तीचो कान पडलो!” मी त्या हाकेची वाटच पाहत असते, कारण खरा धडा तिथे सुरू होतो. कान नुसता दाबून चिकटवलेला असतो. ओली असेपर्यंत माती धरून ठेवते, वाळायला लागली की सोडते. मातीच्या बारीक पापुद्र्यांमध्ये पाणी असतं. ते उडून गेलं की पापुद्रे जवळ येतात, म्हणजेच माती आकसते. कान पातळ, तो आधी वाळतो, आधी आकसतो. डोकं जाड, ते मागे राहतं. दोघांची ओढाताण होते आणि सांधा सुटतो. मग जुन्या काट्याचमच्याने दोन्हीकडे आडव्या-उभ्या रेघा ओरखडायच्या, त्यांवर पाण्यात सायीएवढी दाट कालवलेली माती लावायची, कान किंचित हलवत दाबून बसवायचा आणि सांध्यावरून बोट फिरवून रेघ मिटवायची. कानावर तेवढं ओलं फडकं ठेवायचं, म्हणजे तो डोक्यासाठी थांबतो. हे ‘कान डोक्यासाठी थांबतो’ मुलांना पटकन कळतं. एक मुलगी तर येता-जाता त्या कानाला “राव रे मातसो”, थांब रे जरा, म्हणत होती.

थांबणं मात्र मला स्वतःलाच नीट जमलं नव्हतं, ते सांगते. चार वर्षांपूर्वी मुलांनी चौदा वस्तू केल्या होत्या. बेडूक, कासवं, एक होडी, दोन-तीन पणत्या. चवथीच्या आधी भाजून त्यांच्या हातात द्यायच्या असं मी कबूल करून बसले होते. गोव्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर. त्या हवेत माती वाळते कुठली! उन्हाळ्यात आठवड्यात वाळणारी वस्तू तीन आठवडे गार राहते. तरी मी सगळं टोपलीत भरून डिचोलीला माझ्या ओळखीच्या कुंभारकाकांकडे गेले. त्यांनी एक कासव उचललं, गालाला लावलं आणि म्हणाले, “बाई, थंड लागतं हे. अजून आठ दिवस ठेवा.” मातीत ओल असेल तर ती उडताना वस्तू गार करते, आणि ते हातापेक्षा गालाला आधी कळतं. मी आग्रह धरला. ते दोनदा नको म्हणाले, तिसऱ्यांदा गप्प राहिले.

चौदातल्या नऊ वस्तू भट्टीत फुटल्या. आतलं पाणी १०० अंशांना वाफ होतं, त्या वाफेला सोळाशे पटींहून जास्त जागा लागते, आणि जाड कासवाच्या पोटातून तिला बाहेर पडायला वाट नसते. काकांच्याही तीन कुंड्यांना माझ्या कासवांचे तुकडे लागले. त्यांनी पैसे घेतले नाहीत, एक शब्दही बोलले नाहीत.

त्या रविवारी मी तुकडे सूपात घालून मुलांसमोर ठेवले आणि घाई माझी होती, हे सरळ सांगितलं. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एकाला आपल्या बेडकाचा डोळा सापडला, अख्खा. तो त्याने धुतला आणि कंपासपेटीत ठेवला. तेव्हापासून माझ्या वर्गात कुठलीही वस्तू गालाला लावल्याशिवाय फळीवरून हलत नाही. थंड लागली तर अजून ओली. आणि कुठलीही भिंत करंगळीपेक्षा जाड नाही.

रंगाचीही मुलांना अशीच घाई. ओल्या मातीवरच पोस्टर कलर फासायला बघतात. चवथीसाठी केलेल्या छोट्या गणपतींना आम्ही भाजत नाही. ते पूर्ण वाळल्यावर खडूची पूड, गेरू आणि काजळ डिंकाच्या पाण्यात कालवून लावतो. विसर्जन घरी बादलीत. न भाजलेली माती रात्रभरात विरघळते आणि तीच तुळशीत जाते. ६०० अंशांच्या वर भाजली की मात्र ती पुन्हा कधी चिखल होत नाही. हे कळावं म्हणून मी एक भाजलेला आणि एक कच्चा तुकडा शेजारी-शेजारी दोन पेल्यांत ठेवते. मुलं तासभर हलत नाहीत.

माझा जीव मात्र कावीत आहे. गोव्यातल्या जुन्या देवळांच्या, घरांच्या भिंतींवर ती अजून दिसते. पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या मातीच्या रंगाचा थर, आणि तो ओला असतानाच लोखंडी टोकाने कोरून आतला पांढरा उघडा करायचा. वेली, मोर, कमळं, सगळं दोनच रंगांत. आम्ही ते उलटं करतो. लाल मातीची हाताएवढी फरशी, वर पातळ कालवलेल्या पांढऱ्या मातीचा हात, आणि खिळ्याने कोरलं की खालची लाल रेघ. कोरायची वेळ साधावी लागते. बोट दाबून ठसा उमटत नाही पण नख उमटतं, ती वेळ. चुकलेली रेघ खोडता येत नाही, म्हणून मुलं कोरण्याआधी श्वास रोखून धरतात. पडवीत तेवढा वेळ फक्त कौलांवरचा पाऊस ऐकू येतो.

आईवडिलांना एकच हात जोडून विनंती करते, मुलाच्या वस्तूला हात लावू नका. मागे एका आईने प्रेमानेच मुलीच्या गणपतीची सोंड सरळ करून दिली. सोंड खरंच छान झाली. पण ती मुलगी तो गणपती घरी न्यायला विसरली ती विसरलीच. अजून माझ्या फडताळात आहे.

गेल्याच्या आदल्या रविवारी दुसरीतल्या धाकट्याने एक उंच ढिगारा केला, टोकदार, अंगभर बोटांचे खळगे. मला वाटलं डोंगर. विचारलं तर म्हणाला, “टीचर, ही रोयण. आमच्या देवळांतली.” रोयण म्हणजे वारूळ. आमच्या कितीतरी गावांत सातेरी देवी वारुळाच्याच रूपात पुजली जाते. हा नमस्कार करताना बरोबर तिच्या उंचीला येत असणार. जाड आहे, फुटेल, खालून पोकळ करूया म्हटलं, तर तो म्हणाला, “आंतल्यान ती पोकळच आसता.” आणि चमच्याने स्वतःच कोरायला बसला. मग आगपेटीच्या काडीने मुंग्यांची भोकं पाडली. रंग कुठला देणार, विचारलं.

“रोयणीक कोण रंग लायता?”

आज दहावा दिवस. फळीवर फडक्याखाली आहे. सकाळी चहा ठेवून आधी तिच्याकडे गेले, गाल लावला. भोकांपाशी कोरडी आहे, बुडाशी अजून गार.