आमची वाटचाल : गॅस भरण्यापासून लिकेज शोधण्यापर्यंत

आम्ही घरी येऊन गाडीचा एसी दुरुस्त करतो, पण सुरुवात केली तेव्हा खरं सांगायचं तर दुरुस्ती अशी करतच नव्हतो, फक्त गॅस भरत होतो. मी, माझा धाकटा भाऊ, एक गेज सेट (गॅसचं प्रेशर दाखवणारे काटे), एक सिलिंडर आणि एक जुना व्हॅक्यूम पंप. फोन आला की जायचं, कूलिंग कमी आहे म्हटलं की गॅस भरायचा, थंडगार हवा आली की कस्टमर खूष.

मग एक काका भेटले. एकाच उन्हाळ्यात त्यांचा तिसऱ्यांदा फोन आला. रागावले नाहीत, फक्त विचारलं, "अरे बाळा, पेट्रोल जळतं म्हणून संपतं, हा गॅस जातो कुठे?" मला उत्तर माहीत होतं. एसीचा गॅस वापरून संपत नाही, तो बंद पाईपातच फिरत राहतो, रबरी होजमधून वर्षानुवर्षं थोडासा झिरपतो तेवढाच, दोन महिन्यांत कूलिंग गेलं म्हणजे कुठेतरी लिकेज आहेच. माहीत असूनही मी ते शोधलं नव्हतं याचं फार वाईट वाटलं. त्या दिवशी साबणाचं पाणी करून ब्रशने एकेक जॉइंटला लावत बसलो. कंडेन्सर (गॅस थंड करणारी समोरची जाळी) बघितला, कंप्रेसर (गॅस दाबून फिरवणारा पंप) बघितला, काहीच नाही. शेवटी लो साइडच्या पोर्टकडे, म्हणजे गॅस भरायच्या तोंडाकडे लक्ष गेलं, त्याची टोपी कधीतरी हरवलेली, आतल्या पिनवर दोन थेंब सोडले आणि बघत राहिलो. बराच वेळ काही नाही, मग मोहरीएवढा एक बुडबुडा आला, फुगला, फुटला, आणि परत दुसरा. एवढ्याशा पिनेपायी तीनदा गॅस! आत राहिलेला गॅस काढून घेतला, पिन बदलली, नवी टोपी लावली, त्या कामाचे पैसे घेतले नाहीत.

तिथून आमचा नियम ठरला, आधी लिकेज मग गॅस. धंद्याला हे सोपं गेलं नाही, कारण अर्ध्या तासाचं काम दोन तासांवर गेलं. अर्धा-पाऊण तास व्हॅक्यूम ओढायचा, म्हणजे पंपाने पाईपातली हवा काढून टाकायची, मग व्हॉल्व्ह बंद करून काटा हलतो का ते बघत बसायचं, काटा वर सरकला म्हणजे लिकेज आहे, मग गॅस भरायचाच नाही. लोक म्हणायचे अहो दुसरे तर लगेच भरून देतात. काही कस्टमर गेलेही. पण व्हॅक्यूमने आतला ओलावापण निघतो, तो राहिला तर एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक भोकापाशी बर्फ धरतो आणि मग एसी पंधरा मिनिटं मस्त चालतो, गरम हवा सोडतो, थोडा वेळ बंद ठेवला की परत चालू.

गेजवरपण आंधळा विश्वास ठेवू नये हे हळूहळू कळलं. इंजिन बंद असताना ३० अंश तापमानाला आर-१३४ए या एसीतल्या नेहमीच्या गॅसचा गेज साधारण ९५ पीएसआय दाखवतो, मग आत गॅस पूर्ण असो की निम्मा, त्यामुळे आम्ही बोनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेत तेवढेच ग्रॅम वजन करून भरतो.

आता निघायच्या आधी फोनवरच प्रश्न विचारतो, कारण बऱ्याच वेळा प्रॉब्लेम गॅसचा नसतोच. गाडी पळताना थंड आणि उभी राहिली की गरम, तर आधी समोरचा फॅन फिरतो का बघा. ब्लोअर फुल करूनही हवा कमी येत असेल तर केबिन फिल्टर काढून बघा, तो धुळीने चोंदलेला असतो. एसी चालू केल्यावर कंप्रेसरच्या पुढची प्लेट फिरत नसेल तर फ्यूज आणि रिले तपासा, मात्र गॅस खूप कमी असला तरी प्रेशर स्विच क्लच, म्हणजे तीच प्लेट, लागू देत नाही. एका ताईंना सांगितलं की कंडेन्सरवर हलक्या धारेने पाणी मारा, तर जाळीतून चिखलाचा थरच निघाला आणि कूलिंग परत आलं, आम्हाला जावंच लागलं नाही.

फक्त गॅसच्या पाईपाला घरी हात लावू नका हे कळकळीने सांगतो. आर-१३४ए उणे २६ अंशाला उकळतो, हातावर उडाला तर कातडी गोठते, डोळ्यात गेला तर विचारूच नका. आणि लिकेज बंद करायचं औषध मिळतं तेही टाकू नका, ते आत चिकटून बसतं आणि पुढच्या दुरुस्तीत आमची मशीनपण जाम करतं.

नव्या गाड्यांत आर-१२३४वायएफ नावाचा गॅस येतो, तो थोडा ज्वलनशील असतो, त्याचे होज आम्ही वेगळे ठेवलेत. इलेक्ट्रिक गाड्यांच्या कंप्रेसरचं तेलच वेगळं, नेहमीचं तेल त्यात गेलं तर इन्सुलेशन खराब होतं, शिवाय केशरी वायरींत हाय व्होल्टेज असतं. भावाचं त्याचं ट्रेनिंग चालू आहे, ते पूर्ण होईपर्यंत त्या गाड्यांचे फक्त केबिन फिल्टर बदलून देतो, बाकी काम घेत नाही.