बयचं नाव काय?

इस्रायलच्या वाळवंटातलं आमचं डिमोना कसं वसलं ते सांग म्हणून नातीने फोन तोंडापुढे धरला. तिला वाळू, वारा, पाण्याचे हाल असलं काहीतरी हवं होतं. 1955 साली मोरोक्कोहून आलेली पहिली 36 कुटुंबं, पोटॅशच्या कारखान्याची पहाटेची बस, हे तिला शाळेत शिकवलंच आहे. मला आठवतो तो लग्ननोंदणीच्या कचेरीतला बाक.

साल 1963. नवरा मुलगा पोटॅशवर कामाला, मोरोक्कोचा. मी अलिबागकडची. घर मिळालं, काम मिळालं, हिब्रूही जमली. अडलं ते इथे. बेने इस्रायलांनी, म्हणजे आम्ही कोकणातल्या यहुद्यांनी, दुसऱ्या यहुदी समाजात लग्न ठरवलं, की आईकडच्या पिढ्या तपासायच्या, असा 1962 पासून हुकूम होता.

“आईची आई?” सांगितलं. “तिची आई?” आता आली का पंचाईत! तिला अख्खं नवगाव बय म्हणायचं. आई म्हणे बय, मामा म्हणे बय. कारकून ‘बय’ लिहून घेईना. मामांना पत्र टाकलं. पाच आठवड्यांनी उत्तर आलं, तेही मोडीत! डिमोनात मोडी कोण वाचणार? एक म्हातारे सापडले, त्यांनी वाचलं, दुसऱ्याने हिब्रूत उतरवलं. ती एकुलती प्रत कचेरीत दिली आणि तिथेच हरवली. म्हणून सांगते, कुठलाही कागद देण्याआधी त्याची नक्कल घरी ठेवा. पुन्हा पत्र, पुन्हा तोच बाक. शनिवार पाळायचा म्हणून त्या दिवशी तेलाचा घाणा बंद, त्यामुळे कोकणात आम्हाला शनवार तेली म्हणायचे, आणि इथे यहुदी असल्याचा दाखला मागत होते! एकदा सासूबाई बरोबर आल्या. “माझ्या आजीचं नाव विचार की!” म्हणून कारकुनावर खेकसल्या. त्यांना कोणी काही विचारलंच नव्हतं.

हो, आणि आईचा कतुबा, म्हणजे लग्नाचा करारनामा, ट्रंकेच्या तळाशी होता, तो आधीच काढायला हवा होता.

1964च्या उन्हाळ्यात आपली माणसं जेरुसलेमला ठिय्या देऊन बसली. ऑगस्टमध्ये क्नेसेटने, म्हणजे इथल्या संसदेने, आम्हाला सर्वार्थाने यहुदी म्हटलं, मग हुकुमातून आमचं नाव गेलं. त्याच कारकुनाने बयची ओळ कोरी ठेवून शिक्का मारला. वर बघितलंसुद्धा नाही.

लग्नाआधी मलिदा, म्हणजे आमचा पोहे-नारळाचा नैवेद्य, केला. पोहे मुंबईहून आलेले होते, नारळ काही मिळाला नाही. सासूबाईंनी खजूर चिरून घातले. बयला ते मुळीच चाललं नसतं.