कललेली मान

त्या सकाळी समोर येऊन बसलेल्या गृहस्थांनी आधी जाडजूड फाइल टेबलावर ठेवली आणि मगच तक्रार सांगायला सुरुवात केली. वय 46. गेल्या तीन आठवड्यांपासून जिना उतरताना त्यांना प्रत्येक पायरी दोनदा दिसत होती, एकीच्या वर दुसरी, आणि त्यांतल्या खऱ्या पायरीवर पाय ठेवायचा म्हणजे कठडा धरून चाचपडत उतरावे लागत होते. वाचतानाही ओळीवर ओळ चढत असे. कोणताही एक डोळा झाकला की मात्र सारे पूर्ववत होई. फाइलमध्ये मेंदूचा एमआरआय, रक्तातील साखर, थायरॉइड असे सगळे अहवाल होते आणि सगळे निर्दोष होते. तरीही एका कागदावर कोणीतरी ‘मेंदूला सौम्य झटका?’ असे लिहिले होते, आणि ते प्रश्नचिन्ह घेऊनच हे गृहस्थ तीन आठवडे जगत होते.

एक डोळा झाकल्यावर दोन दिसणे थांबते, याचा अर्थ दोष डोळ्याच्या भिंगात किंवा पडद्यात नसून दोन डोळ्यांच्या जोडीने होणाऱ्या हालचालीत आहे. ही हालचाल मेंदूतून थेट निघणाऱ्या मज्जातंतूंच्या बारा जोड्यांपैकी तिघांकडे असते. डोळ्याच्या सहा स्नायूंपैकी बाहेरच्या बाजूला खेचणारा स्नायू सहाव्या मज्जातंतूकडे, वरचा तिरका स्नायू चौथ्याकडे आणि उरलेले चार तिसऱ्याकडे. विद्यार्थी हे एखाद्या रासायनिक सूत्रासारखे पाठ करतात, मीही केले होते.

मी पद्धतीप्रमाणे क्रमाने तपासत गेलो. पहिला, म्हणजे वासाचा, मज्जातंतू आमच्यापैकी बहुतेक जण घाईत गाळतात. त्या दिवशी मीही गाळला, हे कबूल करायला हरकत नाही. दृष्टी उत्तम होती. बाहुल्या सारख्या आकाराच्या, पापणी कोठेही उतरलेली नाही, म्हणजे तिसऱ्याविषयी शंका कमी. चेहऱ्याची संवेदना, जबड्याचा जोर, कपाळावरच्या आठ्या, ऐकणे, घशातील पडजीभ, खांदे, जीभ, सगळे ठीक होते. दिवस सरताना त्रास वाढतो का, पापणी जड होते का, हेही विचारले, कारण स्नायूंची शक्ती लवकर ओसरणारा मायस्थेनिया हा विकार कोणत्याही मज्जातंतूच्या दुबळेपणाचे सोंग आणू शकतो. तसे काही नव्हते.

डोळ्यांच्या हालचाली नीट पाहता याव्यात म्हणून मी त्यांचे डोके दोन्ही हातांत धरून सरळ केले आणि म्हणालो, “मान हलवू नका, फक्त माझ्या बोटाकडे बघा.” बोट समोर नेले मात्र, आणि ते म्हणाले, “डॉक्टर, आता दोन बोटे दिसतात.” हात काढला, मान किंचित डावीकडे कलली, बोट पुन्हा एक झाले. मी पुन्हा डोके सरळ केले, बोट पुन्हा दोन. तिसऱ्या खेपेला माझ्या लक्षात आले की तपासणीच्या सोयीसाठी मी जे पुसून टाकत होतो, तेच या रुग्णाचे सर्वांत बोलके लक्षण होते. इतकी वर्षे मी किती जणांची मान अशी सरळ केली असेल, हा विचार मनात आला आणि तो फारसा सुखद नव्हता.

चौथा मज्जातंतू हा या बारा जोड्यांतला अगदी विक्षिप्त प्राणी आहे. तो सर्वांत बारीक, मेंदूच्या मागच्या बाजूने बाहेर पडणारा एकमेव, आणि निघताच विरुद्ध बाजूला ओलांडून जाणारा. कवटीच्या आत तो मोठा वळसा घालतो. त्यामुळे डोक्याला मार लागला की तो सहज दुखावतो. ज्या स्नायूला तो चालवतो त्याची रचनाही तशीच खास आहे. वरच्या तिरक्या स्नायूचा दोर डोळ्याच्या खोबणीत नाकाकडच्या वरच्या कोपऱ्यातील एका छोट्या कप्पीतून वळतो आणि मग बुबुळाच्या मागे डोळ्याला जाऊन मिळतो. विहिरीवरच्या रहाटाची आठवण व्हावी अशी ही मांडणी. डोळा नाकाकडे वळलेला असताना त्याला खाली ओढणे आणि डोळ्याच्या वरच्या टोकाला नाकाकडे फिरवणे, ही या स्नायूची मुख्य कामे. पायरी उतरणे आणि वाचणे यांत नजर नेमकी तेथेच, खाली आणि आत जाते.

मग पुढचे आपोआप उलगडले. उजवा डोळा डाव्यापेक्षा थोडा वर राहत होता. डावीकडे पाहताना हे अंतर वाढे. डोके उजव्या खांद्याकडे झुकवायला सांगितले तेव्हा उजवा डोळा स्पष्टच वर सरकला. झुकलेल्या डोक्याबरोबर त्या बाजूच्या डोळ्याला आत फिरवण्याचे काम वरचा तिरका आणि वरचा सरळ असे दोन स्नायू वाटून घेतात. तिरका दुबळा असला की सरळ स्नायूचा वर ओढण्याचा गुण उघडा पडतो. म्हणजे निदान झाले ते उजव्या वरच्या तिरक्या स्नायूच्या दुबळेपणाचे. मान डावीकडे कलती ठेवून ते तीच अडचण टाळत होते.

पण हे नवे की जुने? डोक्याला मार लागल्याचे त्यांना आठवत नव्हते. आता मी प्रिझमची, म्हणजे चित्र एका बाजूला सरकवणारी, भिंगे एकेक वाढवत गेलो. साधारण माणसाला वर-खाली सरकलेली दोन चित्रे तीन-चार एककांपर्यंतच जोडता येतात. यांनी बारापर्यंत ती जोडली. मग दोन्ही डोळ्यांपुढे रेषा दाखवणारी वेगळी भिंगे धरली, तेव्हा दोन रेषा त्यांना समांतर आणि आडव्या दिसत होत्या, तिरपेपणाची त्यांची काहीच तक्रार नव्हती. पण आतला पडदा पाहिला तेव्हा उजव्या डोळ्याचे वरचे टोक बाहेरच्या बाजूस फिरलेले स्पष्ट दिसत होते. डोळा फिरलेला असूनही मेंदूला त्याची खबर नाही, असे लहानपणापासूनच्या दोषात आढळते.

मी त्यांच्या पत्नीला विचारले, “यांचे जुने फोटो आहेत का?” त्या जरा चकित झाल्या, मग म्हणाल्या, “ह्यांची मान पहिल्यापासून अशीच. फोटो काढणारे नेहमी सरळ करायला सांगतात.” मोबाइलवर त्यांनी एकेक फोटो मागे नेला. दहा वर्षांपूर्वीचा, वीस वर्षांपूर्वीचा, आणि शेवटी शाळेच्या वर्गाचा, ज्यात चाळीस मुले सरळ बघत होती आणि दुसऱ्या रांगेतला एक मुलगा डोके डाव्या खांद्याकडे किंचित कलवून उभा होता. चेहऱ्याची एक बाजू दुसरीपेक्षा थोडी बारीक होती, तीही तेव्हापासूनच. ते स्वतः तो फोटो पाहत राहिले. “मला वाटायचे मी कॅमेऱ्याकडे लाजून बघतोय,” ते म्हणाले.

जन्मापासून दुबळा असलेला हा मज्जातंतू चार दशके निभावून नेला गेला होता, कारण मेंदू आणि मान मिळून ती तूट भरून काढत होते. वयाबरोबर चित्रे जोडण्याची ती राखीव शक्ती हळूहळू घटते, आणि थकवा किंवा आजारपण निमित्त ठरते. त्यांना महिनाभरापूर्वी बरेच दिवस ताप आला होता, हे फाइलमधल्या एकाही कागदावर नव्हते.

‘झटका’ हा शब्द मी रेघ मारून काढला आणि खाली निदान लिहिले. शस्त्रक्रियेचा पर्याय समजावला. तूर्त चष्म्यात प्रिझम बसवायचे ठरले. सहा आठवड्यांनी ते आले तेव्हा जिना एकच दिसत होता, कठडाही सुटला होता. मान मात्र पूर्वीसारखीच डावीकडे होती आणि या वेळी मी ती सरळ केली नाही. शाळेच्या फोटोची प्रत त्यांनी आणली होती. ती मी एमआरआयच्या अहवालामागे फाइलमध्ये लावून ठेवली.