काळी एकचा गंधार

ऑगस्ट 2024मध्ये विश्वामित्री बडोद्यात शिरली, तेव्हाच्या फोटोंत सगळीकडे मगरी आहेत. सोसायटीच्या गेटात मगर, पार्किंगमध्ये मगर. माझ्या वाट्याला पेट्या, म्हणजे हार्मोनियम आल्या. गोकुळाष्टमीला पाऊस कोसळत होता, वरून आजवा धरणाचं पाणी, नदी 35 फुटांच्या वर गेली. ओसरल्यावर आठवडाभरात माझ्या रावपुऱ्यातल्या दुकानात एकवीस भिजक्या पेट्या येऊन पडल्या. 7 सप्टेंबरला गणपती. भजनी मंडळांचे फोन सकाळी सातपासून सुरू.

पुरातली पेटी उघडली की आधी वास येतो, चिखल, सरस आणि चामडं यांचा मिळून. जुन्या पेट्यांचे सांधे सरसाने जोडलेले असतात. सरस पाण्यात विरघळतो, त्यामुळे पेटी फुटत नाही, सुटते. भात्याच्या पुठ्ठ्याचा लगदा होतो, स्प्रिंगांवर दोन दिवसांत गंज चढतो. वाचतात ते सूर. पितळेच्या पट्टीवर रिव्हेटने बसवलेली पितळेचीच जीभ, तिचं पाण्याने फारसं बिघडत नाही, गाळ तेवढा काढावा लागतो. म्हणून फोनवर मी प्रत्येकाला सांगत होतो, उन्हात ठेवू नका, भाता मारून बघू नका, आहे तशी आणा. निम्म्या लोकांनी गच्चीवर वाळवून, तडे पाडूनच आणल्या.

काकांनी आहे तशी आणली. मुजमहुड्याहून रिक्षाने, जुन्या लुगड्यात गुंडाळून, मांडीवर घेऊन. वय ऐंशीच्या पुढे, रेल्वेतून निवृत्त, माझ्या वडिलांच्या वेळचं गिऱ्हाईक. मागून मुलगा उतरला, पँट गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेली. "घरात फ्रिज आडवा पडलाय, गाद्या अजून बाहेर काढायच्यात, आणि यांना आधी पेटी," तो मला म्हणाला, पण वडिलांना ऐकू जाईल अशा बेताने.

काकांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. मला म्हणाले, "कपाटावर घराची फाइल ठेवली, विम्याचे कागद ठेवले. हिला जेवणाच्या टेबलावर ठेवलं. म्हटलं, तिथपर्यंत काय येतंय पाणी." मग लुगड्याची गाठ सोडता सोडता म्हणाले, "रात्रभर वरच्यांकडे होतो. टेबल तरंगून भिंतीवर आपटत होतं. ऐकू येत होतं."

मी खर्चाचा अंदाज सांगितला आणि नेहमीचं वाक्यही टाकलं: "काका, एवढ्यात नवी येईल." हे वाक्य मी खऱ्या मनाने बोलतो आणि ते कोणी मानत नाही. गायनशाळेतली पोरं कधीमधी मानतात. (1886 साली मौलाबक्षांनी सुरू केलेल्या त्या संस्थेला आता विद्यापीठाची फॅकल्टी म्हणतात, आम्ही अजून गायनशाळाच म्हणतो.) पण त्या पोरांची पेटी ऑनलाइन मागवलेली, दोन वर्षांची. तिचा कोणाला लळा लागणार?

काकांची पेटी साडेतीन सप्तकांची, 42 पट्ट्या, सुरांच्या दोन ओळी, म्हणजे 84 सूर, तेही जुने जर्मन. एकेक सूर काढून वर्तमानपत्रावर ओळीने मांडला, खाली पेन्सिलीने नंबर घातले. ब्रशने साफ करताना दिसलं की वीस-बावीस सुरांच्या जिभा रिव्हेटजवळ खरवडलेल्या आहेत. खरवडही ओबडधोबड, तिरकी, कुठे दोनदा तर कुठे चारदा. आम्ही तसं करत नाही. मला वाटलं, कोणा शिकाऊ हाताने पेटी बिघडवलीय. नवा भाता लावला, स्प्रिंगा बदलल्या, चामडं बदललं आणि सूर लावायला बसलो.

जीभ टोकाला घासली की हलकी होते, सूर चढतो. मुळाशी खरवडली की सूर उतरतो. धंदा एवढाच आहे, बाकी सगळा कान. बाबा कानानेच लावायचे. षड्ज धरून ठेवायचे, त्याच्यावर दुसरा सूर सोडायचे आणि दोघांमधली लाट ऐकत बसायचे. लाट थांबली की सूर लागला. मी मोबाइलवर ट्यूनर ॲपचा काटा बघतो. काटा मधोमध आला की पुढचा सूर. गणपतीच्या दिवसांत, समोर दहा पेट्यांची रांग असताना, मीही तेच केलं. खरवडलेले ते सगळे सूर उतरलेले दिसत होते. एकेकाचं टोक घासून वर आणले. बिघडलेली पेटी नीट केल्याचं समाधानही वाटलं, खोटं कशाला सांगू.

पितृपक्षात दुकानात शुकशुकाट असतो. काका तेव्हा न्यायला आले. खाली सतरंजीवर बसले, भात्यावर हात ठेवला, नवं कापड चाचपलं. मग काळी एकचा, म्हणजे पहिल्या काळ्या पट्टीचा सा धरला. बराच वेळ धरला. मला वाटलं, आता वाजवतील. त्यांनी सा न सोडता पांढरी चार, म्हणजे त्या साचा गंधार, दाबली आणि लगेच बोट उचललं. परत दाबली. मग भाता बंद करून खटका लावला.

"हा माझा गंधार नाही."

मी मोबाइल काढून दाखवला. काटा बरोबर शून्यावर. "काका, बघा, तंतोतंत लागलाय."

"मोबाइलला गायचंय का?"

चिडून नाही म्हणाले. अगदी साधं विचारावं तसं. मला राग आला, तेवढ्यात कळलं आणि घाम फुटला. ती खरवड काकांची स्वतःची होती.

पेटीवरची नेहमीची टीका माहीत असेलच. आकाशवाणीने 1940पासून 1971पर्यंत तिला बाहेर ठेवलं, कारण तिचे सूर ठोकून बसवलेले, सप्तकाचे बारा सारखे तुकडे. मोबाइलचा काटाही तोच हिशोब धरतो. त्या हिशोबात मध्यम-पंचम जेमतेम 2 सेंटने हलतात, कोणाला कळतही नाही. शुद्ध गंधार मात्र गवयाच्या गंधारापेक्षा 14 सेंट चढा निघतो. धैवत, निषादही चढेच. शंभर सेंटचा एक अर्धस्वर, त्यातले 14. ऐकणाऱ्याला कळत नाहीत, गाणाऱ्याला टोचतात. काका एका कीर्तनकार बुवांच्या साथीला बसायचे. बुवांची पट्टी काळी एक. "बुवा गंधारावर थांबले की मान वळवून माझ्याकडे बघायचे," काका म्हणाले. "बोलायचे नाहीत. नुसतं बघायचे. मग मीच एका चातुर्मासात रात्री बसून उतरवले. शिकवणारं कोण होतं? तुझ्या बाबांना विचारायची लाज वाटली."

म्हणजे एका चातुर्मासाचं काम मी दोन दुपारी घासून टाकलं होतं. गेलेली पितळेची पूड परत येत नाही. सूर पुन्हा उतरवायचा म्हणजे मुळाशी परत खरवडायचं, आणि त्या जिभा आता दोन्ही टोकांना पातळ झालेल्या.

"उद्या या," म्हणालो. पैशाचं बोलायला ते तोंड उघडायला लागले, मी हात जोडले.

त्या रात्री शटर अर्धं ओढून मोबाइल गल्ल्यात टाकला आणि बाबांसारखा बसलो. काळी एक धरायची, पांढरी चार सोडायची. लाट भरभर येते. सूर काढायचा, जिभेखाली पातळ पत्रा सरकवायचा, दोन रेघा ओढायच्या, परत बसवायचा, परत ऐकायचं. लाट लांबते. आणखी एक रेघ. साडेबाराला सगळे धैवत झाले, निषाद झाले, एक सोडून सगळे गंधार झाले. उरला होता मधल्या सप्तकातला, सगळ्यात जास्त वाजणारा. पहिल्याच रेघेला तो रिव्हेटपाशी चिरला. पितळ चिरतं तेव्हा आवाज होत नाही. बोटाखाली जीभ नुसती मऊ लागते.

सकाळी काकांच्या पुढ्यात तो सूर ठेवला आणि काय झालं ते सांगितलं. पालिताण्याचा नवा सूर लावून देतो म्हणालो, आवाज थोडा वेगळा येईल हेही सांगितलं. त्यांनी तो उचलून उजेडात धरला. मग शर्टाच्या खिशातून फोटोच्या रोलची काळी डबी काढली. ती बरोबरच आणली होती. माझ्यावर भरवसा नसावा, आणि का असावा?

झाकण घट्ट होतं, पुराचं पाणी आत गेलंच नव्हतं. आतून तीन सूर निघाले. "सुरुवातीला बिघडवलेले. फार खरवडले, खाली गेले. वर आणायचे तर टोक घासायचं, हे कुठे माहीत होतं तेव्हा. त्यांच्याजागी भंगारातल्या एका जर्मन पेटीतले घातले."

दोन कामाचे नव्हते. तिसरा मधल्या सप्तकाचा गंधार होता. खोबणीत बसवून फुंकला. खरंच खाली होता, पण किती? चार-पाच हलके हात पुरतील एवढाच. कानस घेतली, आणि त्यांनी माझं मनगट धरलं.

"मी सा धरतो. तू घास. मी सांगीन तेव्हा थांब."

हाताला कंप होता, पण भात्यावर तो कळत नव्हता. मी एक हात मारायचो, सूर बसवायचो, ते ऐकायचे आणि मानेने नाही म्हणायचे. दुसरा हात. नाही. तिसऱ्यानंतर त्यांनी पट्टी दाबली आणि मान हललीच नाही. मला लाट ऐकू येत होती, लांब, सावकाश, पण होती. मी म्हणालो, "काका, अजून अर्धा हात राहिलाय."

"राहू दे. बुवांचा असाच होता."

खाली मुलगा रिक्षा घेऊन उभा होता. पेटी लुगड्यात बांधली. जाताना काका परत वळले आणि हात पुढे केला. "तो चिरलेला दे." मी दिला. तो त्यांनी डबीत टाकला, झाकण अंगठ्याने दाबून बसवलं आणि डबी खिशात ठेवली.