गोळा पोटरीतच का येतो?

"मीठ कमी पडलं म्हणून गोळा आला" हे उत्तर मला कधीच पटलं नाही, आणि त्याला कारण आमचं घर. मी पोहते, नवरा सायकल चालवतो. जेवण एकाच भांड्यातलं, पाणी तेच. तरी माझा गोळा ठरलेला: पोटरीत, नाहीतर तळपायाच्या कमानीत. त्याचा मांडीच्या मागच्या बाजूला, मोठा चढ संपता संपता. मीठ कमी झालं तर ते सगळ्या रक्तातच कमी होणार ना? मग तक्रार एकट्या पोटरीची कशी?

पोहणाऱ्याचं पाऊल बघा. बोटं मागे ताणलेली, पंजा नडगीच्या रेषेत सरळ. दिसायला छान, पण या स्थितीत पोटरीचा स्नायू आधीच आखूड झालेला असतो आणि त्याच आखूडपणात आपण त्याला शेकडो लाथा मारायला लावतो. संध्याकाळच्या बॅचची मुलं फळी धरून नुसत्या लाथांचा सराव करतात, तेव्हा मी शेवटच्या फेऱ्यांकडे डोळे लावून बसते. वळताना भिंतीला पाय टेकून जोरात ढकललं की पोटरी एकदम आवळते, आणि पोरगं दोरीला लोंबकळत कळवळायला लागतं. धावणाऱ्याची पोटरी मात्र पाऊल जमिनीवर असताना नडगी पुढे झुकली की दर वेळी थोडी ताणली जाते. त्यालाही गोळे येतात, पण बहुधा शर्यतीच्या शेवटी-शेवटी.

स्नायूच्या आत त्याची लांबी मोजणारी यंत्रणा असते, ती मज्जारज्जूला 'आवळ' असा निरोप देते. स्नायू जिथे हाडाला जोडलेला असतो त्या दोरीसारख्या टोकात ताण मोजणारी दुसरी यंत्रणा असते, तिचा निरोप 'सोड'. स्नायू दमला की पहिलीचा आवाज चढतो आणि दुसरीचा बसतो. त्यात स्नायू आखूड असेल तर दोरीवर ताणच नाही, मग 'सोड' म्हणणार कोण? दक्षिण आफ्रिकेतल्या मार्टिन श्वेलनस आणि सहकाऱ्यांनी 1997 मध्ये ही मांडणी केली. पुढे त्यांनी आयर्नमॅन, म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं एकामागोमाग असलेल्या लांबलचक शर्यतीतले खेळाडू तपासले. गोळे आलेल्या आणि न आलेल्यांच्या रक्तातल्या क्षारांत किंवा घटलेल्या वजनात सांगण्यासारखा फरक निघाला नाही. फरक निघाला तो वेगात, आणि आधीही गोळे येऊन गेलेत का, यात.

एकदा हे डोक्यात बसलं की टीव्हीवरचे सामने वेगळे दिसायला लागतात. फुटबॉलमध्ये जादा वेळ सुरू झाला की कडेने वर-खाली धावणारे खेळाडू गवतावर आडवे होतात, दुसरा त्यांचा पंजा धरून मागे दाबत असतो. गोलकीपर सहसा उभाच. शंभर मीटर धावणाऱ्याला किंवा गोळाफेक करणाऱ्याला (हा गोळा वेगळा!) ऐन स्पर्धेत हा त्रास क्वचित होतो, कारण स्नायू तेवढा दमायच्या आत खेळ संपलेला असतो. पाचव्या सेटमधला टेनिसपटू, दूरचा सायकलस्वार यांची मात्र सुटका नाही. आणि जे स्नायू दोन-दोन सांध्यांवरून जातात ते सगळ्यात आधी सापडतात: पोटरी गुडघा आणि घोट्यावरून, मांडीचा मागचा स्नायू कंबर आणि गुडघ्यावरून.

2023 च्या विश्वचषकात मॅक्सवेलने अफगाणिस्तानविरुद्ध नाबाद 201 केल्या ती खेळी आठवा. आधी पन्नास षटकं क्षेत्ररक्षण, मग पॅड बांधून धाव, थांब, वळ. पायात गोळ्यांवर गोळे. शेवटी त्याने धावायचंच जवळपास सोडलं आणि जागेवर उभं राहून, पाय न हलवता मारलं. मी तर त्या पायांकडेच बघत होते.

म्हणून मीठ अगदीच निर्दोष आहे असंही नाही. गेल्या शतकाच्या सुरुवातीला खाणीत आणि भट्ट्यांपुढे राबणाऱ्या कामगारांना असे गोळे यायचे, आणि पाण्यात मीठ घालून दिल्यावर ते कमी व्हायचे. ज्यांच्या कपड्यांवर घाम वाळून पांढरे डाग उमटतात, त्यांनी कडक उन्हात लांबचा सामना खेळताना मिठाकडे लक्ष द्यावंच. केळ्यावरचा विश्वास तेवढा मला कळत नाही. घामातून सोडियम जातं भरपूर, पोटॅशियम त्यामानाने किरकोळ; आणि खाल्लेलं केळं पचून रक्तात उतरेपर्यंत गोळा येऊन गेलेला असतो.

मुलांना मी शिकवते ते वेगळं. गोळा येण्याआधी पोटरीच्या कातडीखाली बारीक फडफड होते, हात लावला तर कळते. ती जाणवली की लाथा बंद, घोटा सैल. आलाच तर भिंत धरायची, गुडघा सरळ करायचा आणि पायाचा अंगठा धरून सावकाश नडगीकडे ओढायचा. दोरीवर ताण आला की 'सोड'चा निरोप पुन्हा जायला लागतो. चोळाचोळ नंतर.

व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या काकडीचं खारं पाणी प्यायचं का, असं एका पालकांनी विचारलं. ते सगळंच थोतांड नाही. 2010 च्या एका प्रयोगात विजेचे झटके देऊन पायाच्या अंगठ्याच्या स्नायूत मुद्दाम गोळा आणला होता, आणि या पाण्याने तो साध्या पाण्यापेक्षा लवकर सुटला. इतका लवकर, की त्यातलं मीठ रक्तात पोचणं शक्यच नव्हतं. घशाला बसलेल्या आंबट चटक्यामुळेच मज्जातंतूंचा गोंगाट शमत असावा, असा त्याचा अर्थ लावतात. सायकलवाल्याने खिशात छोटी बाटली ठेवायला हरकत नाही. मी मात्र खोल पाण्यात ठसका लागून घेण्यापेक्षा अंगठाच ओढेन.