घेऊन जा गे मारबत

पोळ्याच्या आदल्या रात्री नागपूरला उतरले. मावशी तिथल्या महाल भागात राहते. पिशवीत कपड्यांखाली कवितांची वही होती. बारा वर्षांपूर्वी एका संपादकांनी "यात तुमचं स्वतःचं काय आहे?" असं विचारून कविता परत केल्या होत्या. लिहिणं थांबलं नाही, पण त्यानंतर कुणाला एक ओळही दाखवली नाही.

पोळ्याच्या दिवशी मावशीने चितार ओळीत नेलं. गणपती चार-पाच दिवसांवर आलेले. दुतर्फा ओल्या मातीचा वास, बांबू, तणसाच्या पेंढ्या, रंगाचे डबे. एक काका मूर्तीचे डोळे आखत होते. श्वास रोखून वरची पापणी एका दमात ओढली, मग सोडला. मी किती वेळ उभी होते कोण जाणे.

"काय पाहून राह्यल्या ताई?"

"हात चुकला तर काय करता?"

"चुकते ना! मंग पांढरा माराचा, वाळू द्याचं, अन् पुन्ना काढाचं."

असे सहज बोलले, जणू मी पाणी कुठे मिळेल एवढंच विचारलं होतं. त्या उत्तराने माझ्या पोटात काहीतरी हललं.

दुसऱ्या दिवशी मारबत, इडा-पिडा गावाबाहेर नेणाऱ्या पुतळ्यांची मिरवणूक. काळी मारबत 1881 पासून निघते, पिवळी 1885 पासून. बांबू, कागद, कापडाच्या या अवाढव्य बाया जुन्या शहरातल्या गल्ल्यांमधून निघाल्या की रस्ता दिसेनासा होतो. "इडा पिडा घेऊन जा गे मारबत!" ही आरोळी कानांनी नाही, छातीने ऐकू येते. आया लेकरांना उचलून मारबत दाखवत होत्या. मागून बडगे. महागाई, भ्रष्टाचार, त्या वर्षी लोकांना जे सलतंय त्याचा पुतळा. माझ्यासमोरून गेलेल्या एका बडग्याला कुणाचा तरी जुना चौकडीचा शर्ट होता, बटण तुटलेलं, गळ्यातल्या पुठ्ठ्यावर खड्ड्यांबद्दल चार ओळी. अक्षर वाकडं, शेवटचा शब्द जागा न पुरल्याने खाली उतरलेला. शेकडो लोक तो मोठ्याने वाचत होते.

शहीद चौकात काळी-पिवळी समोरासमोर आल्या तेव्हा मी मावशीचा हात घट्ट धरला होता. एवढ्या दिवसांची मेहनत, आणि त्याच दिवशी गावाबाहेर नेऊन जाळायची. सलतंय ते भर रस्त्यात बोलायचं आणि मोकळं व्हायचं. माझी वही बारा वर्षं कपाटात बंद, आणि ती जपतेय असं मला वाटत होतं.

दुपारी तान्हा पोळा. गल्लीतली पोरं लाकडी बैल सजवून दारोदारी फिरत होती.

तिसऱ्या दिवशी दीक्षाभूमी. स्तूपाच्या घुमटाखाली बोलायचं सुचत नाही. 14 ऑक्टोबर 1956 ला इथे बाबासाहेबांसोबत लाखोंनी धम्म स्वीकारला. आपण कोण, हे जगाने सांगायचं नाही, आपण ठरवायचं, हे इतक्या माणसांनी एकत्र, उघड्यावर, स्वतःच्या तोंडाने म्हटलं. तिथे बसून मला त्या संपादकांचा चेहरा आठवेना.

परतताना तर्री पोहे खाल्ले. तिखटाने डोळ्यांत पाणी, वर चणे, पुन्हा थोडी तर्री.

रात्री मावशी निवडायला मेथी घेऊन बसली. मी वही काढली आणि चार ओळी मोठ्याने वाचल्या. तिचे हात थांबले.

"दुसरी ओळ पुन्हा वाच बरं," ती म्हणाली.