तुम्ही विचारलंत म्हणून : साल्साला महिन्याला किती लागतात?

मी साल्सा-बचाटा, म्हणजे जोडीनं करायचे लॅटिन अमेरिकी नाच, करते हे कळलं की लोक दोन प्रश्न विचारतात. पहिला, "घरचे काही म्हणत नाहीत?" त्याचं उत्तर मी देत नाही. दुसरा जरा आवाज खाली आणून येतो, "पण खर्च किती येतो हो?" हा मात्र मला मनापासून आवडतो. बँकेत नोकरी आहे, हिशेबाचं कुणी विचारलं की मला राहवत नाही.

तर पुण्यात राहून, फार ताणून न धरता आणि फार उधळूनही न देता, मला वर्षाला ४८ हजार लागतात. म्हणजे महिन्याला चार. हा आकडा ऐकून अर्ध्या लोकांना तो फार वाटतो आणि जिमला जाणाऱ्यांना ठीक वाटतो. पण तो दर महिन्याला चार-चार असा सरळ जात नाही, म्हणून फोड करून सांगते.

सुरुवातीचे सहा महिने बहुतेक पैसा क्लासला जातो, आणि तो जाऊ द्यावा. आठवड्यातून दोनदा तासभर, महिन्याला तीन हजारांच्या आसपास. क्लास एकट्या शिक्षकाचा नसून कंपनीचा किंवा फर्मचा असेल आणि वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर असेल तर त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३,५४० झाले. त्यामुळे फी विचारताना "जीएसटी धरून ना?" हे लगेच विचारायचं. एवढी फी कशाची, असं वाटेल. शिकवणाऱ्याच्या खिशात त्यातलं जेमतेम काही उरतं. लाकडी फ्लोअर, भिंतभर आरसे आणि एसी असलेला हॉल शहरात तासावर भाड्यानं मिळतो, आणि संध्याकाळी सात ते नऊ ही वेळ सगळ्यांनाच हवी असते.

जोडीदार सोबत न्यावा लागतो का, हेही विचारतात. नाही लागत. दर दोन-तीन मिनिटांनी शिक्षक "रोटेट" म्हणतात आणि सगळे एकेक जागा सरकतात. तासाभरात दहा-बारा जणांबरोबर एक-दोन-तीन, पाच-सहा-सात, ही साल्साची मोजून टाकायची पावलं, होऊन जातात.

शूज मात्र पहिले तीन महिने घेऊ नका. घरात असलेले, तळ गुळगुळीत झालेले कुठलेही चालतात. फक्त रनिंगचे नकोत. रबराचा तळ फ्लोअर धरून बसतो, टर्न घेताना अंग फिरतं, पाऊल तिथंच राहतं आणि मधल्यामध्ये गुडघा पिळला जातो. (गुडघ्याचा एमआरआय कुठल्याही शूजपेक्षा महाग पडतो.) डान्सच्या शूजना तळाला स्वेड असतं, म्हणजे लव असलेलं खरखरीत चामडं. ते हवं तेवढं सरकतं आणि हवं तिथं थांबतं. त्यावर फ्लोअरची धूळ आणि कुणीतरी सांडलेली बिअर बसली की लव चिकटून तळ काळा चकचकीत होतो आणि पाय घसरायला लागतो. मग तारेच्या छोट्या ब्रशनं घासून लव पुन्हा उभी करायची. हे शूज घालून रस्त्यावर एक पाऊलही टाकायचं नाही, पिशवीतून न्यायचे. भारतात बनलेली जोडी मला चार हजारांपर्यंत मिळते, परदेशी ब्रँड त्याच्या दुप्पट-तिप्पट. तळ झिजला की नेहमीच्या मोच्याकडे स्वेडचा तुकडा नेऊन द्यायचा, तो दोन-तीनशेत बसवून देतो.

आता सोशल. खरा छंद इथं आहे, आणि हिशेबही इथंच गमतीचा होतो. सोशल म्हणजे एखाद्या हॉटेलात किंवा पबमध्ये संध्याकाळी तीन-चार तास नुसतं नाचायचं, कुणाहीबरोबर. हे बहुधा मंगळवारी-बुधवारी असतं, कारण त्या दिवशी जागा रिकामीच असते आणि मालक म्हणतो, या, चार माणसं तरी दिसतील. शनिवारी तोच मालक आम्हाला उंबऱ्यातही उभं करणार नाही. आणि त्याचंही बरोबर आहे. साल्सावाले पीत नाहीत. प्यायलं की तोल जातो आणि पुढच्या गाण्याला टर्न सुटतो, म्हणून साठ माणसं मिळून पाण्याच्या बाटल्या आणि पाच-सहा लिंबूसोडे मागवतात. दोन-तीन महिने मालक गल्ल्याकडे बघतो, मग सोशलला दुसरी जागा शोधावी लागते. कोरेगाव पार्कातून बाणेर, बाणेरहून विमाननगर, अशी आमची वरात फिरत असते. म्हणून तीन-चारशे रुपये एन्ट्री लागते, आणि तिच्यात ड्रिंकचं कूपन असेल तर ते वापरावं. स्वतःची पाण्याची बाटली लपवून नेणाऱ्यांची मला चीड येते. त्यांच्यामुळेच जागा जातात.

माझे महिन्यात तीनेक सोशल होतात. चारशेनं धरले तर १,२००. पण परत यायच्या वेळी मेट्रो बंद झालेली असते आणि कोथरूडपर्यंतच्या कॅबला अडीचशे लागतात. म्हणजे एन्ट्रीच्या निम्म्याहून जास्त! नवे लोक हे कधीच धरत नाहीत. तुमच्या बाजूला राहणारा कुणी नाचणारा सापडला तर त्याच्याशी मैत्री करा, नाच कसाही असो.

माझी एक मैत्रीण गोव्यातल्या म्हापशाची. तिनं जन्मात कुठल्या क्लासला एक रुपया दिलेला नाही. लग्नाच्या हॉलमध्ये बँड लागला की आजीपासून शाळकरी पोरापर्यंत सगळे उठतात, आणि ती तशीच काका-मामांबरोबर जाइव्ह आणि वॉल्ट्झ हे जोडीचे नाच शिकली. बचाटाचंही तेच. डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या गरिबांच्या वस्त्यांतलं, साध्या बारमधलं हे संगीत. तिथले प्रतिष्ठित लोक त्याला नाक मुरडायचे. २०१९ मध्ये युनेस्कोनं त्याला वारशाच्या यादीत घेतलं. ज्यांच्या घरीदारी हा नाच आहे त्यांना तो फुकट येतो. आम्हा कोथरूडकरांच्या घरी कुणी मामा जाइव्ह करत नव्हता, म्हणून आम्ही जागेचे, एसीचे आणि नाचणाऱ्या माणसांत जाऊन बसायचे पैसे भरतो. हे एकदा लक्षात आलं की कुठं वाचवायचं हेही कळतं. आमच्यातल्या चार-पाच जणांनी एकाच्या सोसायटीचा क्लबहाउस रविवारी सकाळी घ्यायला सुरुवात केली. भाडं वाटून माणशी पन्नास-साठ रुपये, स्पीकर घरचा. फरशीवर स्वेड जरा जास्तच सरकतं, पण सरावाला चालतं.

प्रायव्हेट क्लास तासाला दीड-दोन हजार. एखादी सवय सुटतच नसेल तेव्हाच घ्यावा, शक्यतो दोघांनी मिळून.

मग फेस्टिव्हल. बंगळूरला किंवा दिल्लीला तीन दिवस, दिवसा वर्कशॉप, रात्री पहाटेपर्यंत सोशल, परदेशी कलाकार. पास, प्रवास आणि हॉटेलची वाटून घेतलेली खोली मिळून २५ हजार कुठं गेले कळत नाही. पास चार-पाच महिने आधी घेतला तर बराच स्वस्त पडतो, कारण आयोजकाला कलाकारांची विमानतिकिटं तेव्हाच काढायची असतात. पण तो पास परत होत नाही. नाव बदलून दुसऱ्याला देता येतो का, हे पैसे भरायच्या आधी विचारून घ्या.

तर वर्षाचा जमाखर्च असा. क्लास आता मी वर्षातले तीनच महिने करते, त्याचे १०,६२०. सोशलचे १४,४००. कॅबचे नऊ हजार. शूज चार हजार. झाले ३८,०२०. उरलेल्या दहा हजारांत, वीस रुपये कमी, एखादा वर्कशॉप, एक-दोन प्रायव्हेट आणि रविवारचं क्लबहाउस बसतं. ज्या वर्षी फेस्टिव्हलला जायचं त्या वर्षी हे दहा हजारांतलं सगळं बंद, क्लास बंद आणि शूज पुढच्या वर्षी. तेवढ्यात २४,६०० जमतात, वरचे चारशे मी माफ करते. म्हणून फेस्टिव्हल एका वर्षाआड. दरवर्षी जाणारे माझ्या ओळखीचे आहेत. त्यातले काही जण क्रेडिट कार्डाच्या हप्त्यांवर नाचतात, आणि बँकेतली बाई म्हणून मला ते बघवत नाही.

नवरा-बायको दोघांनी यायचं असेल तर सरळ दुप्पट होत नाही. कॅब एकच लागते, म्हणजे ९६ ऐवजी ८७ हजार. पण दोघांनीही आधी एकेका महिन्याचीच फी भरा. पहिल्याच दिवशी काउंटरवर वर्षाचं पॅकेज समोर ठेवतात, तीस-चाळीस टक्के सूट देतात. तिसऱ्या महिन्यापर्यंत बॅच निम्मी होते हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. सूट त्याच हिशेबानं बसवलेली असते.